हाकेपलीकडचा मोबाइल

आपल्या कथा-कवितांत मोबाइल येतो तो बहुधा आरोपी म्हणून. त्याने संवाद मारला, माणसे एकाकी केली, वगैरे. ही तक्रार खोटी नाही. पण ती या वस्तूच्या एकाच कामाकडे पाहून केलेली आहे. बोलण्याखेरीज ती घरात काय करते, याची नोंद ललित लेखनाने फारशी घेतलेली नाही.

येरळेकाठच्या वडूजचे उदाहरण घ्यावे. खटाव तालुक्याचे हे मुख्य ठिकाण, पर्जन्यछायेतले. नोकिया ११०० हा फोन २००३ साली आला, त्याच्या माथ्यावर विजेरी होती. भारनियमनाच्या त्या वर्षांत कंदिलाची काच पुसण्याचे काम या इवल्याशा दिव्याने किती घरांतून हद्दपार केले असेल! आज त्याच उजेडात गोठ्यातला विंचू शोधला जातो. सुईचे नेढे दिसेनासे झाले की कॅमेरा त्यावर धरून ते मोठे करून पाहिले जाते. पुढचा कॅमेरा कुंकवापुरता आरसा होतो. रेशनकार्ड नि सातबारा छायाचित्र होऊन खिशात राहतात. भजनाचा आवाज वाढावा म्हणून फोन रिकाम्या पातेल्यात ठेवला जातो. शेतीपंपाची वीज रात्री येते तेव्हा मोबाइल स्टार्टरमुळे अंथरुणातूनच मोटार सुरू करता येते. फोन लागतो खरा, पण पलीकडे माणूस नसतो, विहीर असते. (ही प्रतिमा एखाद्या कवीला कशी सुचली नाही?)

मात्र यांतला एक उपयोग साहित्याच्या अभ्यासकांनी हसण्यावारी नेऊ नये. आजीची ओवी नातवंडे फोनमध्ये ध्वनिमुद्रित करतात. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या संग्रहाचे मोल केवळ संख्येत नाही. ओवीबरोबर गाणारीचे नाव व गाव जपले गेले, यात ते आहे. घरच्या फोनात तीच ओवी ‘रेकॉर्डिंग ७’ या नावाने पडून असते. फोन बदलला की ओवी गेली, आणि ती गेल्याचे कुणाला कळतही नाही.

जाते थांबल्यावर फर्माइशीखातर गायलेली ओवी ही मूळ ओवीच नव्हे, असा आक्षेप घेता येईल. तो मला अर्धाच पटतो. दळणाची लय तिथे नसते, हे खरे. पण जिच्या तोंडी ती ओवी आहे ती बाई अजून आहे. लोकसाहित्याच्या तासाला पाठ्यपुस्तकातील उतारे समजावणाऱ्या मराठी विभागांनी विद्यार्थ्यांना एवढेच सांगावे : आजीला विचारून मुद्रण करा; तिचे नाव, माहेर, सासर, तारीख आणि ओवी कोणाकडून शिकली ते तिच्याच आवाजात आरंभी घ्या; आणि एक प्रत फोनबाहेर, विभागाच्या संगणकावर ठेवा. यासाठी अनुदान लागत नाही, परिसंवाद तर मुळीच नाही. दिवाळीच्या सुटीत हे सहज होण्याजोगे आहे.