हौस पंधरा वर्षांनंतरची

मोटार ही आपल्याकडे नुसती वस्तू राहत नाही. ती नवी आली की पेढे वाटले जातात, दसऱ्याला तिला झेंडूचा हार पडतो. मुले तिच्या मागच्या सीटवर झोपत झोपत मोठी होतात. म्हणूनच ती जुनी झाली की तिचे काय करायचे, हा प्रश्न फ्रिज किंवा टीव्हीसारखा सहज सुटत नाही. त्यातही ती वेगाची, जरा 'स्पोर्टी' म्हणून घेतलेली सेडान असेल, तर घरात दोन पक्ष हमखास पडतात. एक म्हणतो, 'आता पुरे, विकून टाका.' दुसरा म्हणतो, 'अशी गाडी आता मिळणार नाही.'

दिल्ली आणि तिच्या आसपासच्या गुडगाव, फरीदाबाद, नोएडा, गाझियाबाद या पट्ट्यात हा वाद घरापुरता राहत नाही. तिथे त्यात न्यायालय, सरकार आणि हवा असे तीन पाहुणे येऊन बसले आहेत.

वेशीवर जन्मलेली गाडी

या पट्ट्यातल्या हौशी मंडळींना जुन्या सेडानविषयी विचारले, तर पहिले नाव बहुधा होंडा सिटीचे निघते. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या होंडा सिएल कंपनीने दिल्लीला लागून असलेल्या ग्रेटर नोएडात कारखाना उभारला आणि १९९८ च्या सुरुवातीला सिटी बाजारात आणली. पुढे २००० च्या सुमारास तिचा 'व्हीटेक' अवतार आला. दीड लिटरच्या इंजिनातून शंभराहून थोडी अधिक अश्वशक्ती मिळत असे. आज हा आकडा मोठा वाटणार नाही, पण त्या काळी मध्यमवर्गीय घराच्या दारातल्या गाडीत एवढा जोर क्वचितच असे.

व्हीटेकची करामत समजायला सोपी आहे. इंजिनात हवा आणि पेट्रोल आत सोडणाऱ्या झडपा असतात. गाडी सावकाश चालते तेव्हा त्या थोड्या उघडल्या तरी भागते, पळायचे असेल तर जास्त आणि अधिक वेळ उघडाव्या लागतात. साध्या इंजिनात यातला एकच मध्यम मार्ग कायमचा ठरवलेला असतो. व्हीटेकमध्ये इंजिनाचे फेरे वाढले की ऑइलच्या दाबाने एक छोटी खीळ सरकते आणि झडपांचा ताबा दुसऱ्या, मोठ्या कॅमकडे जातो. म्हणून ही गाडी शहरात शहाण्यासारखी वागते आणि मोकळ्या रस्त्यावर एकदम अंगात आल्यासारखी पळते.

त्याच काळात मित्सुबिशी लान्सर, ओपेल अॅस्ट्रा, फोर्ड आयकॉन आल्या. २००४ मध्ये स्कोडाची टर्बो इंजिनाची ऑक्टाव्हिया आरएस आली. यांतल्या काही कंपन्यांनी पुढे इथून काढता पाय घेतला. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतात गाड्या विकणे थांबवले, फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. खुद्द सिटीच्या जन्मगावी, ग्रेटर नोएडातही, डिसेंबर २०२० मध्ये मोटारींचे उत्पादन थांबले आणि ते काम राजस्थानातील टपूकडा येथे गेले. गाडी आवडीची असो वा नसो, तिचे माहेर टिकले आहे का, हे आधी पाहावे. सुटे भाग मिळणार की नाहीत, हे त्यावर ठरते.

आधी तब्येत, मग दागिने

जुनी गाडी घरात ठेवायची तर पहिला खर्च दिसणाऱ्या गोष्टींवर करू नये. अॅलॉयची चाके आणि नवा रंग सहा महिने थांबू शकतात, रबर थांबत नाही. वीस वर्षांत इंजिनाचे लोखंड फारसे झिजत नाही, पण रबरी होज पाइप, इंजिनाची माउंटिंग आणि चाकांजवळचे बुश कडक होऊन तडकतात. गाडी खडखडते, स्टिअरिंग ओढते आणि मालकाला वाटते की गाडी संपली. पुष्कळदा एवढे रबर बदलले तरी गाडी दहा वर्षांनी तरुण होते.

जुन्या सिटीतला सर्वांत महत्त्वाचा पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. हा दातेरी रबरी पट्टा धावता धावता तुटला, तर झडपा पिस्टनवर आपटून इंजिनाचा चुराडा होऊ शकतो. गाडी किती किलोमीटर चालली एवढेच पाहून भागत नाही. उभ्या गाडीतही पट्टा म्हातारा होतो. तो केव्हा बदलला याची पावती सापडत नसेल, तर बदललेला नाही असे समजून कामाला लागावे.

ऑइलची पातळी दर पंधरा दिवसांनी स्वतः पाहावी. व्हीटेकची खीळ ऑइलच्याच दाबावर सरकत असल्यामुळे ऑइल कमी किंवा घाण असेल, तर गाडीतला जोर गायब होतो. अशा वेळी मिस्त्रीने 'इंजिन खोलावे लागेल' म्हटले, तरी आधी ऑइल आणि त्या वाटेवरची बारीक जाळी तपासायला सांगावी. या इंजिनाच्या झडपांमधली फट फीलर गेजने मोजून नीट करता येते. हे काम जाणता मेकॅनिकच करू शकतो, पण ते स्वस्त आहे.

ब्रेकचे ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून ते दोन वर्षांनी बदलावे. टायरची नक्षी चांगली दिसली तरी त्याचे वय पाहावे. कडेवर चार आकडी क्रमांक असतो. '२३१९' असेल, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. दिल्लीच्या मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात जुना टायर फुटणे ही नवलाची गोष्ट नाही.

आता एक नवी काळजी पेट्रोलची. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आज देशभर मिळते. जुन्या गाड्यांतले काही रबरी भाग आणि गॅस्केट दीर्घ वापरानंतर बदलावे लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटले होते. म्हणून जुन्या गाडीतले पेट्रोलचे पाइप सर्व्हिसिंगच्या वेळी हात लावून पाहायला सांगावेत. पेट्रोलचा वास येत असेल, तर एक दिवसही थांबू नये.

सुटे भाग कुठे मिळतात? नव्यासाठी काश्मिरी गेटचा बाजार, हौसेच्या वस्तूंसाठी करोल बाग आणि मोडीत निघालेल्या गाड्यांच्या भागांसाठी मायापुरी, ही दिल्लीतली तीन जुनी ठिकाणे. मोडीतून दरवाजा, दिवा, आरसा, डॅशबोर्ड खुशाल घ्यावा. ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर मात्र मोडीतून कधीही घेऊ नयेत. पाचशे रुपये वाचवण्याच्या नादात घरातल्या चौघांचा जीव पणाला लागतो.

हौसेला मोल नाही, पण मर्यादा आहे

गाडी आपल्या मनासारखी सजवावी असे कुणालाही वाटते. त्याची कायदेशीर चौकट मात्र लहान आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

मग काय चालते? सीटची कव्हरे, संगीताची यंत्रणा, ठरलेल्या मापात बसणारी चाके आणि टायर यांना हरकत नसते. रंग बदलायचा असेल तर आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर तशी नोंद करावी. इंजिन बदलायचे झाले किंवा सीएनजी बसवायचा झाला, तरी आधी परवानगी आणि नंतर नोंद हा क्रम चुकवू नये. काचांवर काळी फिल्म लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मनाई केली. काच मुळातच अशी हवी, की पुढून-मागून किमान ७० टक्के आणि बाजूने ५० टक्के प्रकाश आत येईल. कर्कश सायलेन्सर आणि समोरच्याचे डोळे दिपवणारे दिवे ही हौस शेजाऱ्यांच्या आणि पादचाऱ्यांच्या जिवावर होते. ती टाळलेलीच बरी.

मुलगा म्हणतो, 'स्प्रिंग कापून गाडी खाली बसवू.' याला ठाम नकार द्यावा. कापलेल्या स्प्रिंगमुळे गाडी वळणावर अनपेक्षित उसळते. तरुणांचा उत्साह वळवायचाच असेल, तर पैसा आधी ब्रेक, टायर आणि शॉकअब्सॉर्बरवर लावू द्यावा. जेवढे थांबता येते तेवढेच पळावे, हा नियम घरातल्या नव्या ड्रायव्हरला गाडीच्या चावीबरोबरच द्यावा. शिवाय कोणताही बदल विमा कंपनीला लेखी कळवावा. नाही तर अपघातानंतर भरपाई अडकते आणि हौस फार महाग पडते.

पंधरा वर्षांची रेघ

आता मुख्य प्रश्न. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये दिल्लीत पंधरा वर्षांवरील गाड्यांना आणि २०१५ मध्ये राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना मनाई केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. १ जुलै २०२५ पासून दिल्लीतल्या पंपांवर कॅमेऱ्यांनी नंबर वाचून अशा गाड्यांना पेट्रोलच नाकारायचे ठरले. लोकांची ओरड झाली आणि काही दिवसांतच तो निर्णय लांबणीवर पडला. १२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ वयावरून मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले. मात्र १७ डिसेंबर २०२५ रोजी हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतेच ठेवण्यात आले.

याचा घरगुती अर्थ असा. दिल्लीत बीएस-४ हे मानक १ एप्रिल २०१० पासून लागू झाले. त्याआधीची, म्हणजे व्हीटेक सिटीसारखी गाडी कितीही चकचकीत ठेवली तरी संरक्षणाबाहेर आहे. त्यानंतरची असेल तर आरसीवरील मानकाची नोंद पाहावी. थंडीत हवा फार बिघडली की बीएस-३ पेट्रोल गाड्यांवर वेगळी तात्पुरती बंदीही येते.

मालकांची तक्रार अगदीच खोटी नाही. महिन्याला दोनशे किलोमीटर चालणारी, नीट राखलेली गाडी आणि रोज शंभर किलोमीटर धावणारी, कधीच न तपासलेली गाडी यांना एकाच तारखेने मोजणे त्यांना अन्यायाचे वाटते. पण दुसरी बाजूही घरातच आहे. नोव्हेंबरमध्ये दिल्लीत शाळा बंद ठेवाव्या लागतात, लहान मुलांच्या छातीत घरघर सुरू होते, आजोबांचे सकाळचे फिरणे थांबते. जुन्या मानकाची गाडी, कितीही जपली तरी, नव्या गाडीइतका स्वच्छ धूर सोडू शकत नाही. तिच्यातली धूर शुद्ध करणारी व्यवस्थाच जुन्या काळाची आहे. गाडीवरचे प्रेम खरे असले, तरी गल्लीतल्या मुलांची हवाही तितकीच खरी आहे.

'पण म्हाताऱ्या विंटेज गाड्या तर दिमाखात फिरतात!' असे कुणी म्हणेल. दिल्लीत १९६४ पासून विंटेज मोटारींची रॅली होत आली आहे, हे खरे. पण २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज म्हणवून घ्यायला गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि फारसे बदल न केलेली हवी. रोजच्या वापराला तीही नेता येत नाही. पंधरा ते पन्नास या मधल्या पस्तीस वर्षांसाठी दिल्लीत गाडीला मानाची जागा नाही. आजच्या हौशी मालकाचे खरे दुखणे ते हेच.

चार वाटा

अशा वेळी कुटुंबाने एकत्र बसून निर्णय घ्यावा. वाटा चार आहेत.

पहिली, गाडी राजधानी परिसराबाहेर नेणे. त्यासाठी नमुना २८ भरून आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. नोंदणी संपल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करण्याची अट दिल्ली सरकारने २०२५ मध्ये काढून टाकली. महाराष्ट्रात सरसकट पंधरा वर्षांची बंदी नाही. नाशिक, सातारा, कोल्हापूरकडे भावाचे किंवा वडिलांचे घर असेल, तर गाडीला तिथे दुसरे आयुष्य मिळू शकते. मात्र तिथला रस्ताकर, पर्यावरण कर, तपासणी आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण हा खर्च आधी मांडावा. २० वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्कच ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार रुपये झाले आहे. गाडी ट्रकवरून न्यावी, मुदत संपलेल्या गाडीने दिल्लीचे रस्ते पार करण्याचे धाडस करू नये.

दुसरी, मान्यताप्राप्त केंद्रात ती मोडीत काढणे. तिथे ठेव प्रमाणपत्र मिळते आणि नवी खासगी गाडी घेताना रस्ताकरात २५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. गल्लीतल्या कबाड्याला दिली, तर गाडी कागदोपत्री मालकाच्याच नावावर राहते आणि उद्या तिच्या नंबरावर काहीही घडू शकते.

तिसरी, मान्यताप्राप्त संच बसवून ती विजेवर चालवणे. दिल्लीत याला वाव आहे, पण खर्च मोठा आणि इंजिनाचा तो गळा कायमचा बंद होतो. हौशी माणसाला हा सौदा क्वचितच पटतो.

चौथी वाट म्हणजे तिला घराच्या आवारात झाकून ठेवणे. ती सगळ्यांत गोड वाटते आणि सगळ्यांत वाईट आहे. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एका बाजूने चपटे होतात, उंदीर तारा कुरतडतात. दोन वर्षांत जी गाडी चालवत नेता आली असती, ती ओढून न्यावी लागते.

निर्णय कोणताही असो, तो गाडी चालू अवस्थेत असतानाच घ्यावा आणि कागद एका फायलीत लावून ठेवावेत: आरसी, विमा, पीयूसी, बदलांच्या नोंदी, पट्ट्याची पावती. जी गाडी पुढे कुणाच्या दारात जाणार असेल, तिच्याबरोबर ही फाइलही द्यावी. नव्या मालकाला ती गाडी कशी राखली होती ते त्यावरूनच कळेल.