वेदीपाशी स्त्रिया, १९२२

सप्टेंबर १९२२मध्ये स्वित्झर्लंडमधल्या डोर्नाख इथे ४५ जणांनी ‘ख्रिस्तेनगेमाइनशाफ्ट’ हा नवा ख्रिस्ती पंथ उभा केला. नेतृत्व बर्लिनचे नामवंत प्रोटेस्टंट धर्मोपदेशक फ्रीडरिख रिटेलमायर यांचं. विधी अँथ्रोपोसॉफी या विचारधारेचे प्रवर्तक रुडॉल्फ स्टायनर यांनी दिले, पण प्रमुखपद त्यांनी घेतलं नाही.

या अंकासाठी हा पंथ निवडला तो एका गोष्टीसाठी. त्या ४५ जणांत तीन स्त्रिया होत्या आणि पुरोहित म्हणून त्यांचा अधिकार पुरुषांइतकाच होता. जर्मनीतल्या प्रोटेस्टंट चर्चना एवढं मान्य करायला पुढे कित्येक दशकं लागली. कॅथलिक चर्चने ते आजही मानलेलं नाही. रचना तशी उतरंडीचीच, सर्वांत वर एक प्रमुख. पण विधी सर्वांना समान आणि शिकवण्यात प्रत्येक पुरोहित मोकळा. जर्मनीतली मोठी चर्च सभासदांकडून चर्चकर घेतात, तसा इथे नाही; खर्च भागतो तो सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून. धर्मसंस्थेने माणसावर इतका विश्वास टाकावा, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

विधी देणाऱ्या स्टायनर यांनी वंशांबद्दल आक्षेपार्ह विधानंही केली होती; त्यांना मात्र पंथाने स्पष्टपणे सामोरं जायलाच हवं.

१९४१मध्ये नाझी राजवटीने पंथावर बंदी घातली. युद्ध संपताच पुरोहितांनी काम पुन्हा सुरू केलं.