आधी माहिती, मग खरेदी

मुलांनो, संगणकावर खेळ खेळायला महागडा मॉनिटर हवाच, असे तुम्हांला वाटते का? मला तसे वाटत नाही. साधा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलू शकतो. तो ६० हर्ट्‌झचा. महागडा १४४ वेळा बदलू शकतो. पण चित्रे तयार करतो तो संगणक! तो सेकंदाला ४०च चित्रे तयार करत असेल, तर १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर तीच चित्रे पुन्हा पुन्हा दाखवणार. चपात्या चारच असतील, तर ताट मोठे घेऊन त्या वाढत नाहीत. बऱ्याच खेळांत हा आकडा पडद्यावर पाहण्याची सोय असते. अब्बांजवळ हट्ट धरण्यापूर्वी तो पाहा. त्यांचे पैसे कष्टाचे असतात.