हट्टामागची धास्ती

‘बूट घाल’ एवढं म्हटलं, की काही स्वमग्न मुलं टेबलाखाली दडतात, विषय बदलतात, किंचाळतात. मोठ्यांचंही तेच, काहींना तर भूक लागली तरी जेवायला उठणं जड जातं.

नॉटिंगहॅमच्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ न्यूसन यांनी १९८०च्या दशकात याला ‘पॅथॉलॉजिकल डिमांड अव्हॉयडन्स’, म्हणजे मागण्यांची टोकाची टाळाटाळ, असं म्हटलं. आजारांच्या जागतिक वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-११मध्ये, ते स्वतंत्र निदान नाही आणि संशोधकांत मतभेद आहेत. मुळाशी अनेकदा तीव्र चिंता असते, स्वतःवरचा ताबा सुटण्याची धास्ती असते.

म्हणूनच बक्षीस-शिक्षेचे तक्ते इथे बऱ्याचदा उलटतात. बक्षीससुद्धा मागणीच वाटते. ‘लाल बूट की निळे?’ असा पर्याय द्यावा, आवाजात घाई नसावी आणि वाईट दिवशी मागण्याच कमी कराव्यात.

याला लाड म्हणणं अन्याय्य आहे. शाळांनी हे करायला निदानाच्या कागदासाठी थांबू नये.