पलंगाखालचा पाहुणा

पुण्यातील एका बिऱ्हाडात श्रावणातल्या एका दुपारी झाकणाची वेताची टोपली आली. तिच्यात करड्या रंगाचे, एका कानाला चीर असलेले मांजर होते. पावसाळ्याच्या आरंभी कोणीतरी त्याला मंडईत, भाजीच्या रिकाम्या खोक्यांमध्ये सोडून दिले होते. तेथून ते अनाथ प्राण्यांच्या आश्रयस्थानी पोहोचले आणि तेथून या घरी. घरातील बहीणभावंडांनी त्याच्यासाठी दुधाची वाटी, मऊ गादी, लोकरीचा चेंडू आणि एक नावही तयार ठेवले होते. टोपलीचे झाकण उघडले मात्र, मांजर बाणासारखे सुटले आणि पलंगाखाली दिसेनासे झाले. मुलांनी हाका मारल्या, बॅटरी लावून पाहिले, केरसुणीने हळूच ढोसलेही. आतून फक्त फिसकारल्याचा आवाज आला. संध्याकाळी शेजारचे काका म्हणाले, "मांजराची जातच अशी! कितीही करा, उपकाराची जाण नाही. कुत्रा आणला असता तर एव्हाना पायांत घोटाळला असता."

असे काका पुष्कळ घरांच्या शेजारी असतात आणि त्यांचे बोलणे मुलांना पटतेही. वस्तुतः ते मांजरावर अन्याय करणारे आहे. त्या दुपारी मांजराच्या वाट्याला काय आले होते, याचा विचार करावा. ओळखीच्या वासांची जागा गेली, अंधाऱ्या टोपलीतून रिक्षाचा खडखडाट ऐकावा लागला आणि झाकण उघडताच चार अनोळखी हात पुढे आले. आपल्यावर उपकार झाले आहेत, हे त्याने कशावरून ओळखावे?

कुत्र्याशी तुलना तर मुळीच योग्य नव्हे. कुत्र्याचे पूर्वज कळपाने राहणारे होते. सोबत मिळाली की त्याला धीर येतो. मांजराचा पूर्वज आफ्रिका व पश्चिम आशियातील रानमांजर. ते एकटे हिंडे, एकटे शिकार करी. दडण्याच्या जागा आणि पळण्याच्या वाटा ठाऊक असणे, हीच त्याची सुरक्षितता. शिवाय माणसाने मांजराला दोरी लावून घरी आणले, असेही दिसत नाही. माणूस धान्य साठवू लागला, धान्यापाठोपाठ उंदीर आले आणि उंदरांपाठोपाठ मांजर आपल्या पायांनी आले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या थडग्याजवळ पुरलेले मांजर सापडले, ही गोष्ट २००४ साली जगापुढे आली. इतक्या जुन्या सोबत्याने या घरीही आपल्या पायांनीच जवळ यावे, हे अधिक स्वाभाविक आहे.

म्हणून नव्या मांजराला आरंभी सारे घर दाखवू नये. एक लहानशी खोली पुरे. तिच्यात एका बाजूस पाणी व अन्न, दुसऱ्या बाजूस विधीसाठी रेतीचे घमेले आणि दडण्यासाठी आडवे ठेवलेले खोके असावे. टोपलीत अंथरलेले जुने फडके धुऊ नये. त्या परक्या खोलीत ओळखीचा वास तेवढाच असतो. मुलांनी तेथे जाऊन बसावे, धडा मोठ्याने वाचावा. पण हात लांबवू नये, टक लावून पाहू नये. टक लावून पाहणे मांजराच्या भाषेत धमकी ठरते. दोन दिवस अन्नाला तोंडच लावले नाही, तर मात्र पशुवैद्याकडे गेले पाहिजे. लस तर टोचून घ्यावयाचीच. पहिले तीन-चार आठवडे त्याला बाहेर सोडू नये; नाहीतर जुनी जागा शोधण्यास निघालेले मांजर वाटेतच हरवते. वरच्या मजल्यावरील खिडक्यांना जाळी हवी. मांजर कोठूनही पडले तरी चार पायांवर उतरते, या भरवशावर पुष्कळ मांजरांचे पाय आणि जबडे मोडले आहेत.

आणि ती दुधाची वाटी! चित्रांतील मांजर नेहमी दूधच पिताना दिसते. परंतु आईचे दूध तुटल्यावर पुष्कळ मांजरांना गाईम्हशीचे दूध पचत नाही. नुसत्या दूधभातावरही त्यांचे भागत नाही. मांसातून मिळणारी काही द्रव्ये नसली, तर त्यांची दृष्टी व हृदय बिघडते. ज्या घरात मांसमासळी चालत नाही, त्याने याचा विचार मांजर आणण्यापूर्वी करावा.

इतरही विचार आधीच करावयाचे असतात. मे महिन्यात सारे गावी गेले, तर घमेले कोण साफ करील? दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने ते माळ्यावर दडून बसले, तर त्याच्याजवळ कोण थांबेल? घरात वाढलेले मांजर बारा-पंधरा वर्षे सहज जगते. अकरा वर्षांच्या मुलीने आणलेले पिल्लू ती पंचविशीला पोहोचेपर्यंत घरात असू शकते. कळवळा एका दुपारचा असतो, हे मोठ्यांनी ओळखून 'नाही' म्हटले, तर मुलांनी त्यांना निर्दय समजू नये. आठ दिवसांनी "रुळत नाही" म्हणून पुन्हा रस्त्यावर सोडण्यासाठीच मांजर आणावयाचे, तर ते न आणणे शतपटीने बरे.

कारण सोडून देण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. नकोसे मांजर पोत्यात घालावे, नदीपलीकडे नेऊन सोडावे आणि "कोठेतरी जगेल" म्हणून हात झटकावे, असे सभ्य माणसेही करीत आली आहेत. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा भारतात १९६० साली झाला. त्यासाठी प्रसिद्ध नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत आग्रह धरला होता. उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणे, हा त्या कायद्याने अपराध ठरविला आहे. पण पोत्याचे तोंड सुटते ते रात्री, आडरस्त्यावर. तेथे पाहण्यास कोण असते?

त्या बिऱ्हाडात आजीने पहिल्याच रात्री केरसुणी उचलून नेली आणि मुलांना पलंगाखाली वाकण्याची बंदी केली. वाटीतले दूध तिने चहाला वापरले. पहाटे ताटलीतील मासळी संपलेली दिसे, रेतीवर पावले उमटलेली असत. मांजर मात्र दिसत नसे. पाचव्या दिवशी पलंगाच्या कडेला मिशा दिसल्या. आठव्या रात्री मुलगी जमिनीवर बसून इतिहासाचा धडा वाचीत होती. मांजर बाहेर आले, तिच्या दप्तराला त्याने दोनदा गाल घासला आणि मग उघड्या पुस्तकावर, नेमक्या वाचावयाच्या ओळींवर, बैठक मारली. मुलीने हात मांडीवरच ठेवला.

"काय, आले का तुमचे मांजर बाहेर?" काकांनी दारातून विचारले. तिने ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केले.