विश्लेषण : ‘सॅस’ बसवताना जुन्या सूचना आड का येतात?

संकेतस्थळाचे रंग, अक्षरांचा आकार, मांडणी हे सारे ठरते ‘सीएसएस’ फाइलींमधून. या फाइली लिहिणे सोपे करणारे ‘सॅस’ हे मोफत साधन वेब डिझाइन शिकणाऱ्यांना लवकरच लागते. मात्र ते संगणकावर बसवतानाच अनेक जण अडकतात. दोष बऱ्याचदा त्यांचा किंवा संगणकाचा नसतो. हाती लागलेल्या सूचनाच कालबाह्य झालेल्या असतात.

सॅस नेमके काय करते?

सॅसमध्ये वारंवार लागणारे नियम एकदाच लिहून हवे तिथे वापरता येतात, मोठी फाइल लहान तुकड्यांत ठेवता येते. पण ब्राउझरला ही भाषा कळत नाही. त्यामुळे ‘एससीएसएस’ फाइलचे साध्या सीएसएसमध्ये रूपांतर करावे लागते. हे काम करणाऱ्या प्रोग्रामला प्रीप्रोसेसर म्हणतात. व्हेरिएबल, नेस्टिंग अशा काही सोयी आता खुद्द सीएसएसमध्येही आल्या आहेत. तरीही ‘बूटस्ट्रॅप’सारख्या लोकप्रिय प्रणालीचा मूळ कोड सॅसमध्ये असल्याने त्यात बदल करायचा, तर सॅस लागतेच.

जुन्या सूचना का चालत नाहीत?

२००६ मध्ये सॅस आले ते रूबी भाषेत. त्यामुळे जुने लेख आधी रूबी बसवायला सांगतात. या आवृत्तीची देखभाल मार्च २०१९ मध्ये थांबली. दुसरी वाट ‘लिबसॅस’ची. त्यावर आधारलेले ‘नोड-सॅस’ अनेक वर्षे सर्रास वापरात होते. पण लिबसॅस वापरू नये, असे सॅसच्या चमूने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केले. नोड-सॅस हे नोडच्या ठरावीक आवृत्त्यांशीच जुळते. जुळणी चुकली की ते संगणकावरच कोड बांधू पाहते आणि त्यासाठी पायथन व सी++ कंपायलर मागते. विंडोजवर दिसणाऱ्या लांबलचक लाल ओळींचे हे नेहमीचे कारण. आज अधिकृत आवृत्ती एकच : ‘डार्ट सॅस’.

कोणत्या प्रणालीवर कसे बसवायचे?

सर्वांत सोपा मार्ग तिन्ही प्रणालींवर सारखाच आहे. आधी ‘नोड जेएस’ बसवावे. त्याच्यासोबत ‘एनपीएम’ येते. मग प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून ‘एनपीएम इन्स्टॉल सॅस’ ही आज्ञा रोमन अक्षरांत द्यावी. हे पॅकेज निव्वळ जावास्क्रिप्टमध्ये असल्याने कंपायलर लागत नाही. नोड नको असेल, तर वाटा वेगळ्या होतात.

विंडोज : ‘चॉकलेटी’ हे पॅकेज मॅनेजर असल्यास ‘चोको इन्स्टॉल सॅस’ पुरते. अन्यथा झिप फाइल उतरवून उघडावी व त्या फोल्डरचा पत्ता ‘पाथ’मध्ये जोडावा. त्यानंतर टर्मिनल बंद करून नव्याने उघडावे, नाहीतर ‘सॅस’ ही आज्ञा सापडत नाही. पॉवरशेलने स्क्रिप्ट चालवण्यास मनाई असल्याचे सांगून एनपीएम अडवले, तर कमांड प्रॉम्प्ट वापरावा.

मॅक : ‘होमब्रू’ असल्यास ‘ब्रू इन्स्टॉल सॅस/सॅस/सॅस’ ही आज्ञा द्यावी.

लिनक्स : अधिकृत टार फाइल उतरवून उघडावी आणि पाथमध्ये जोडावी. उबुंटूसारख्या प्रणालीच्या भांडारात ‘सॅससी’ सापडते. पण तेही लिबसॅसवरच आधारलेले आहे, म्हणून टाळावे.

योग्य आवृत्ती बसली का, हे कसे ओळखावे?

प्रकल्पात बसवले असल्यास ‘एनपीएक्स सॅस --व्हर्जन’, तर संपूर्ण संगणकासाठी बसवले असल्यास ‘सॅस --व्हर्जन’ अशी आज्ञा द्यावी. इथे आकडा फसवतो. उत्तर ३ ने सुरू झाले, तर ती जुनी रूबी आवृत्ती. १ ने सुरू झाले, तर सध्याची डार्ट सॅस. मोठा आकडा म्हणजे नवी आवृत्ती, हा नेहमीचा हिशेब इथे उलटा आहे.

मग बदल कुठे हवा?

सॅस पूर्ण संगणकासाठी बसवण्यापेक्षा प्रकल्पातच बसवणे हिताचे. त्याची नोंद ‘पॅकेज जेसन’ फाइलमध्ये, तर नेमकी आवृत्ती लॉक फाइलमध्ये राहते. या दोन्ही फाइली सोबत दिल्या, की ‘एनपीएम सीआय’ या आज्ञेने विंडोजवाल्या विद्यार्थ्याला आणि लिनक्सवाल्या सहकाऱ्याला तीच आवृत्ती मिळते. महाविद्यालये आणि प्रशिक्षण वर्गांनीही आपल्या नोट्स तपासायला हव्यात. त्यांत रूबी किंवा नोड-सॅसचा उल्लेख असेल, तर ते पान आजच बदलावे. पहिल्याच दिवशी लाल ओळी पाहिलेला विद्यार्थी ‘हे आपल्याला जमणार नाही’ असे समजून मागे फिरू शकतो, आणि कारण असते केवळ एक जुनी आज्ञा.