रजिस्ट्री होईपर्यंतचा हलवा

गोष्ट वाचताना किंवा नाटक बघताना आपण सगळेच एक गोष्ट नकळत करतो. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याच्या शेजारी जाऊन बसतो. त्याच्या डोळ्यांत पाणी आले की आपल्याही येते. अन्याय करणाऱ्याच्या शेजारी बसून बघायला मात्र कोणी तयार होत नाही. आणि माणसाचा स्वभाव तर तिकडच्या बाजूलाच जास्त उघडा पडलेला असतो. म्हणून या महिन्यात तीन जुन्या कथा पुन्हा काढल्या आहेत. तिन्हींमध्ये एक म्हातारे माणूस आहे, त्याची मिळकत आहे आणि ती मिळकत घेणारी माणसे घरचीच आहेत.

पहिली कथा आपल्या नाशिकची. कुसुमाग्रज, म्हणजे वि. वा. शिरवाडकर, यांच्या आयुष्याचा मोठा भाग या गावात गेला. त्यांचे ‘नटसम्राट’ 1970 साली रंगभूमीवर आले आणि डॉ. श्रीराम लागू यांनी त्यातले गणपतराव बेलवलकर पहिल्यांदा उभे केले. 1974 साली या नाटकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 2016 साली नाना पाटेकरांचा सिनेमा आला आणि बेलवलकर नव्या पिढीलाही माहीत झाले.

कथा थोडक्यात अशी. मोठा नट रंगभूमीवरून निवृत्त होतो आणि प्रेमाच्या भरात सगळे काही मुलाच्या व मुलीच्या नावे करून टाकतो. स्वतःजवळ आणि पत्नीजवळ काही ठेवत नाही. पुढे मुलाच्या घरी कुरबुरी सुरू होतात. तिथून दोघे मुलीच्या घरी जातात. तिथे तर चोरीचा संशय घेण्यापर्यंत मजल जाते. पत्नी जग सोडून जाते आणि नटसम्राटाला शेवटी आसरा मिळतो तो बूटपॉलिश करणाऱ्या एका पोराचा.

हे नाटक बघून बाहेर पडणारा प्रत्येक जण मनातून बेलवलकर झालेला असतो. चाळिशीचा गृहस्थही स्वतःला म्हातारा बाप समजूनच रडतो. त्याचे स्वतःचे अब्बा त्या वेळी घरी एकटे बसलेले असतात, हे त्याला आठवेलच असे नाही. शिरवाडकरांनी मुलगा-मुलीला राक्षस केलेले नाही. ती तुमच्या-आमच्यासारखी नोकरी-संसार करणारी, चार लोकांत नाव राखू पाहणारी माणसे आहेत. आई-बापाला एका दिवसात कोणी घराबाहेर काढत नाही. आधी त्यांच्या मोठ्या आवाजाची अडचण होते. मग पाहुण्यांसमोर त्यांच्या बोलण्याची लाज वाटू लागते. मग नातवंडांवर त्यांचे संस्कार नकोसे होतात. प्रत्येक पायरी इतकी लहान असते की उतरणाऱ्याला आपण किती खाली आलो ते कळत नाही.

आणि खरे बोलायचे तर बेलवलकरांचेही काही चुकते. मिळकत देऊन टाकली तरी घरात राजा आपणच राहणार, असे ते धरून चालतात. बापाच्या हातून अधिकार जातो, पण जिभेवरून जात नाही. हेही घरोघरी दिसते.

दुसरी कथा विलायतेची. ‘नटसम्राट’वर जिची छाया आहे असे जाणकार सांगतात, ती शेक्सपिअरच्या लिअर राजाची. हे नाटक चारशे वर्षांहून अधिक जुने आहे. म्हातारा राजा तीन मुलींना विचारतो, माझ्यावर सर्वांत जास्त प्रेम कोणाचे? थोरल्या दोघी गोड गोड बोलून राज्य वाटून घेतात. धाकटी म्हणते, मुलीने करावे तेवढे करते, त्याहून जास्त सांगता येत नाही. तिला काहीच मिळत नाही. राजा आपल्यासाठी फक्त शंभर स्वारांचा लवाजमा ठेवतो. पुढे एक मुलगी म्हणते, पन्नास पुरेत. दुसरी म्हणते, माझ्याकडे पंचवीसच आणा. मग दहा तरी कशाला, पाच तरी कशाला, असे होत होत शेवटी एकही कशाला हवा, इथपर्यंत गोष्ट येते. आपल्या घरी स्वार नसतात. पण अब्बांचा पलंग आधी हॉलमधून आतल्या खोलीत जातो, आतल्या खोलीतून गॅलरीत जातो. अम्मीचा दुपारचा चहा बंद होतो, मग चष्म्याचा नंबर पुढच्या महिन्यावर ढकलला जातो. हिशेब तोच आहे, आकडे लहान आहेत.

तिसरी कथा आपल्या अगदी जवळची आहे, कारण ती एका मुस्लिम घरातच घडते. मुन्शी प्रेमचंद यांची ‘पंच परमेश्वर’ ही कथा 1916 साली प्रसिद्ध झाली. जुम्मन शेख आणि अलगू चौधरी हे जिवाभावाचे दोस्त. जुम्मनची एक म्हातारी खाला असते. तिला जवळचे कोणी नसते, पण थोडीफार मिळकत असते. जुम्मन लांबलचक वायदे करून ती मिळकत आपल्या नावे लिहून घेतो. रजिस्ट्री होईपर्यंत खालाला हलवा-पुलाव मिळतो, तिची सरबराई होते. रजिस्ट्रीची मोहर उमटली आणि खातिरदारी थांबली. जुम्मनची बीवी करीमन भाकरीबरोबर कडू शब्दही वाढू लागते. खाला म्हणते, बेटा, मला महिन्याला थोडे पैसे दे, मी माझे वेगळे शिजवून खाईन. जुम्मन तेही नाकारतो.

या कथेतला एक बारीक तपशील पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. प्रेमचंद जाता जाता सांगतात की जुम्मन हजला गेला होता, तेव्हा घर अलगूच्या भरवशावर सोडून गेला होता. म्हणजे हा माणूस हाजी आहे. गावात त्याला मान आहे, तो शिकलेला आहे, दोस्ती निभावणारा आहे. तरीही खालाच्या ताटातला हलवा बंद करताना त्याचा हात थांबत नाही. आपल्याला वाटते की इबादत करणारा माणूस व्यवहारातही आपोआप सरळ असेल. कथा आपल्याला सांगते की नफ्स मोठा हुशार आहे. तो नमाज-रोजा चालू देतो आणि मिळकतीच्या कागदापाशी येऊन दबा धरून बसतो.

खाला हार मानत नाही. कमरेत वाकलेली ती बाई काठी टेकत गावोगाव फिरते आणि पंचायत बोलावते. पंच म्हणून ती नाव कोणाचे घेते? जुम्मनच्या दोस्ताचे, अलगूचे. अलगू टाळायला बघतो, पण खाला त्याच्या ईमानालाच हाक मारते. त्या जागेवर बसल्यावर अलगू दोस्तीकडे बघत नाही. तो निकाल देतो की जुम्मनने खालाला महिन्याचा खर्च द्यावा, नाहीतर हिबानामा रद्द समजला जाईल. दोस्ती तुटते. काही दिवसांनी पारडे फिरते. अलगूने विकलेल्या बैलाच्या पैशांचा तंटा पंचायतीत येतो आणि समोरचा सावकार मुद्दाम जुम्मनचे नाव पंच म्हणून घेतो. सूड घ्यायची संधी समोर असते. पण पंचाच्या जागेवर बसताच जुम्मनच्या मनात जबाबदारी जागी होते आणि तो अलगूच्या बाजूने, म्हणजे हक्काच्या बाजूने, निकाल देतो.

म्हणजे माणूस तोच, जागा वेगळी. घेणाऱ्याच्या जागेवर जुम्मन बेईमान होता, न्याय करणाऱ्याच्या जागेवर तो ईमानदार झाला. माझ्या ओळखीतल्या एका आपाची गोष्ट सांगते. अब्बांच्या इंतकालनंतर भावांनी तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. आपाने दोन दिवस जेवण सोडले, पण माहेर तुटू नये म्हणून सही केली. चार वर्षांनी सासऱ्यांच्या घराचा प्रश्न आला, तेव्हा नणंदांच्या सह्या लवकर घ्या म्हणून नवऱ्याच्या मागे हीच आपा लागली होती. तिला वाईट म्हणणे सोपे आहे. मला तिच्यात जुम्मन दिसतो आणि खालाही दिसते. आपल्या बहुतेकांच्या घरांत हे दोघे एकाच छपराखाली, कधी कधी एकाच काळजात राहतात.

बहिणींच्या हक्काबद्दल जी वाक्ये ऐकू येतात, ती तुम्हालाही पाठ असतील. तिच्या लग्नात इतका खर्च केला की. तिचा नवरा चांगला कमावतो. ईदला कपडे पाठवतोच ना आम्ही. ती स्वतःच नको म्हणाली. यातले शेवटचे वाक्य सर्वांत धोक्याचे आहे. मिळणारच नाही हे ज्याला माहीत आहे, तो नको म्हणतो. आधी हिस्सा तिच्या हातात द्या, तिच्या नावावर चढवा, मग ती खुशीने काय करते ते तिला ठरवू द्या. तलाठ्याकडे वारसांची नोंद करताना बहिणीचे नाव गाळले किंवा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात घाईघाईने तिचा अंगठा घेतला, तर कागद पूर्ण होतो. हिशेब मात्र बाकी राहतो.

इथे कुरआन मजीदची व्यवस्था किती वास्तव आहे ते दिसते. मिळकतीची वाटणी मुलांच्या चांगुलपणावर किंवा भावांच्या मायेवर सोडलेली नाही. सूरह निसाच्या सातव्या आयतीत पुरुषांबरोबर स्त्रियांचाही हिस्सा सांगितला आहे, मिळकत थोडी असो की जास्त. पुढे अकराव्या-बाराव्या आयतीत अपूर्णांकांसह वाटे ठरवून दिले आहेत. समजा, एका माणसाचा इंतकाल झाला. मागे बीवी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे, आईवडील आधीच वारले आहेत. दफनाचा खर्च, कर्ज आणि वसीयत असल्यास ती भागवून घराची किंमत 40 लाख उरते. बीवीचा आठवा हिस्सा, म्हणजे 5 लाख. उरलेल्या 35 लाखांचे पाच भाग. प्रत्येक मुलाला दोन भाग, म्हणजे 14 लाख आणि मुलीला एक भाग, म्हणजे 7 लाख. हे 7 लाख भावाने केलेली मेहरबानी नव्हे, ते त्याच्याकडे आलेले बहिणीचे पैसे आहेत.

तसेच वसीयत एक तृतीयांशाहून जास्त करता येत नाही आणि इतर वारसांची संमती नसेल तर वारसाच्या नावे करता येत नाही. लाडक्या मुलाकडे सगळे वळवण्याचा रस्ता इथे अडवला आहे. हयातीत हिबा करता येतो. पण तिथेही हजरत नोमान बिन बशीर (रजि.) यांची हदीस डोळ्यांसमोर ठेवावी. त्यांच्या वडिलांनी एकट्या त्यांना एक देणगी दिली आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांना साक्षीदार करायला आले. आप (स.) यांनी विचारले, सगळ्या मुलांना असेच दिले का? उत्तर नाही असे आल्यावर आप (स.) साक्षीदार झाले नाहीत आणि मुलांमध्ये इन्साफ करा असे फर्मावले. लिअर राजाने गोड बोलण्यावर वाटणी केली आणि रान पाहिले. ही हदीस ते नाटक लिहिले जाण्याच्या सुमारे हजार वर्षे आधी सांगितली गेली होती.

ज्या आई-वडिलांनी भावनेच्या भरात सगळे लिहून दिले आणि आता पस्तावत आहेत, त्यांच्यासाठीही दार आहे. देशात 2007 साली आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा झाला. तो सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे. पालकांना प्रांताधिकाऱ्यांच्या स्तरावरील न्यायाधिकरणाकडे महिन्याच्या खर्चासाठी अर्ज करता येतो. त्याच्या कलम 23 प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली असेल आणि सांभाळ होत नसेल, तर ते हस्तांतर रद्द ठरवता येते. अलगू चौधरीचा निकाल नेमका हाच होता. म्हणून कोणी हिबा करणारच असेल, तर सांभाळाची अट कागदावर स्पष्ट लिहावी. सही करण्याआधी एखाद्या जाणत्या आलिमांना आणि वकिलांना, दोघांनाही विचारावे. राहते घर आणि पोटापुरते उत्पन्न हयातीत स्वतःच्या नावावर ठेवणे म्हणजे मुलांवर अविश्वास दाखवणे, असे समजू नये. त्यामुळे मुलेही एका मोठ्या परीक्षेतून वाचतात.

पुस्तके आपल्याला सुधारतात का, असे मला कधी कधी विचारले जाते. नुसत्या वाचनाने नाही. ‘नटसम्राट’ बघून घरी परतलेला माणूस त्याच रात्री बापाशी तुटकपणे बोलू शकतो. फरक पडतो तो आपण कोणाच्या जागेवर बसून वाचतो त्याने. ‘पंच परमेश्वर’ लहानशी कथा आहे, अर्ध्या तासात वाचून होते. या महिन्यात एखाद्या रात्री जेवणानंतर ती घरात मोठ्याने वाचा. मुलांना खालाबद्दल विचारू नका, तिची दया सगळ्यांनाच येते. त्यांना विचारा की जुम्मनने पहिली चूक कोणत्या दिवशी केली. रजिस्ट्रीनंतर हलवा बंद झाला त्या दिवशी, की रजिस्ट्रीसाठी हलवा सुरू केला त्या दिवशी? मुले काय उत्तर देतात ते ऐका. मग ती झोपल्यावर, आपल्या घरात कोणत्या बहिणीचा, फुफीचा किंवा खालाचा हिस्सा अजून द्यायचा राहिला आहे, ते मियाँ-बीवींनी मिळून एका कागदावर लिहून काढा. देण्याची सुरुवात पुढच्या महिन्यापासून करता येते. अल्लाह आपल्या सर्वांना हक्कदाराचा हक्क हयातीतच पोहोचवण्याची तौफीक देवो. आमीन.